मला काय धाड भरलीय?

"एकंदरीत पाहता तुमची तब्येत कशी आहे? फार चांगली, चांगली, मध्यम, वाईट की फार वाईट? यांतलं एक सांगा."

जगातल्या बहुतेक मोठ्या आरोग्य-पाहण्यांत हा प्रश्न या ना त्या रूपात असतोच. त्याला सुई लागत नाही, उपाशीपोटी यावं लागत नाही, बाटली भरून आणावी लागत नाही. पाव मिनिटात काम होतं. सरकारं, विद्यापीठं, जागतिक आरोग्य संघटना अशा सगळ्यांचा तो लाडका आहे, आणि त्यात नवल नाही. इतक्या स्वस्तात माणसाची तपासणी दुसरं कोण करून देणार? अडचण एवढीच की उत्तर माणसाने द्यायचं असतं.

त्यातून माणूस मराठी असला की पाचांतले दोन पर्याय सुरुवातीलाच बाद. 'फार चांगली' म्हणायची सोय नाही, कारण दृष्ट लागते. आपल्याकडे गुटगुटीत बाळालासुद्धा काजळाची तीट लावून मगच बाहेर काढतात. तिथे साठी उलटलेल्या गृहस्थाने परक्या मुलीसमोर 'माझी तब्येत फार चांगली आहे' असं कोणत्या धैर्याने म्हणावं? म्हणालाच, तर स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, काय बोलता!" आणि दुसऱ्या दिवशी त्याला दोन शिंका आल्या तर त्यांचं खापर कालच्या उत्तरावर फुटतं. 'फार वाईट' म्हणायलाही बंदी, कारण वास्तू तथास्तु म्हणते. भरल्या घरात, त्यातून तिन्हीसांजेला, असलं अभद्र तोंडातून काढू नये. राहिले मधले तीन. त्यांतलं 'वाईट' म्हणावं, तर दारात सून उभी. तिला वाटायचं, आपल्या करण्यासवरण्यावर बोट ठेवलं. म्हणजे 'चांगली' आणि 'मध्यम' या दोन खुर्च्यांवर अख्ख्या महाराष्ट्राने दाटीवाटीने बसायचं.

रस्त्यात विचारली जाणारी तब्येत निराळी. "काय, कसं काय?" "मजेत. तुमचं?" "चाललंय." हा व्यवहार दोघांनी चालता चालता उरकायचा असतो. यात जो खरं उत्तर देतो तो बदनाम होतो. आमच्या सोसायटीत असे एक गृहस्थ आहेत. "कसे आहात?" म्हटलं की ते थांबतात, हातातली पिशवी खाली ठेवतात आणि मानेपासून सुरुवात करतात. कंबरेपर्यंत येईस्तोवर समोरच्याच्या पिशवीतलं दूध नासायला टेकतं. लोक त्यांना लांबून पाहिलं की मोबाइल कानाला लावतात. खरं तर पाहणीवाल्यांना हवा असलेला आदर्श उत्तरदाता तो हाच! पण चिठ्ठ्या टाकून घरं निवडतात त्यांत असली माणसं कधी निघत नाहीत. निघतात ती दार किलकिलं करून "आम्हाला काही घ्यायचं नाही" म्हणणारी.

माझी एक भाची काही काळ अशा पाहण्यांचं काम करत होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, डोक्यावरून ओढणी, आणि माढा-करमाळ्याकडची उन्हं. प्रशिक्षणात तिला बजावलं होतं की प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा. समजावून सांगायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. "मामा," ती मला म्हणाली, "दगडासारखं बसायला सांगतात, आणि समोर आजी असतात."

एका घरी आजी पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. भाचीने टॅब उघडून प्रश्न वाचला.

"आजी, एकंदरीत पाहता तुमची तब्येत कशी आहे?"

"बस की बाय. उन्हातनं आलीस. पाणी दिऊ?"

पाणी झालं. गूळ झाला. आडनाव, माहेर, लग्न झालं का, नाही तर का नाही, हेही झालं. मग पुन्हा प्रश्न.

"मला काय धाड भरलीय?" असं म्हणून आजींनी आणखी एक शेंग फोडली.

टॅबवर पाच चौकोन होते, त्यांत धाडीचा एकही नव्हता. भाचीने पाचही पर्याय सावकाश वाचून दाखवले. आजींनी ते शेवटपर्यंत नीट ऐकून घेतले, आणि मायेने विचारलं, "ह्यातलं तुला कंचं पायजे?"

पुढच्या पानावर आजारांची यादी होती. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. गुडघे असे की उठताना खांब धरावा लागे. देवळीत, कुंकवाच्या करंड्याशेजारी, रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. भाचीने विचारलं, "आजी, ब्लडप्रेशरचा त्रास आहे ना तुम्हाला?" आजी म्हणाल्या, "गोळी चालू हाय की. आजार कुठाय?"

यात आजींचं काही चुकलं असं मला वाटत नाही. रोज सकाळी चहाबरोबर जी गोळी घ्यायची ती आजारात का मोजावी? पण राष्ट्रीय नमुना पाहणीचा माणूस 'गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणी आजारी होतं का' असं विचारतो, तेव्हा अशा कितीतरी देवळ्या त्याच्या कागदावर निरोगी ठरत असणार. बरं, त्याच पाहणीत 'तुमची तब्येत तुम्हाला कशी वाटते' हा प्रश्न आहे, पण तो साठीच्या पुढच्यांना. साठीच्या आत आपल्याला काय वाटतं याची सरकारला फारशी फिकीर नाही. आणि आपल्यालाही तोवर ती नसते, हेही खरंच.

तर अशी उत्तरं गोळा करायची, त्यांची बेरीज करायची, टक्केवारी काढायची आणि वर त्याला शास्त्र म्हणायचं? शहाण्या माणसाला हसू येईल. पण नेमकं इथेच हसणाऱ्याची पंचाईत होते, कारण हे उत्तर चक्क खरं निघतं.

कॅनडात मॅनिटोबा नावाचा प्रांत आहे. तिथे 1971 साली पासष्टीच्या पुढच्या तीन हजारांहून अधिक लोकांना विचारलं गेलं की तुमच्या वयाच्या मानाने तुमची तब्येत कशी आहे. ('वयाच्या मानाने' हे फक्त आपल्याकडचे काका म्हणतात असा माझा समज होता.) त्या प्रांतात सरकारी आरोग्य विमा, त्यामुळे कोण किती वेळा डॉक्टरकडे गेलं, कोणाला काय झालं होतं, कोण इस्पितळात राहिलं, याच्या नोंदी हाताशी होत्या. पुढे कोण कधी गेलं याच्याही. मॉसी आणि शपिरो या दोघी संशोधिकांनी सगळं ताडून पाहिलं आणि 1982 साली प्रसिद्ध केलं. स्वतःची तब्येत वाईट म्हणणाऱ्यांत पुढच्या काही वर्षांतला मृत्यूचा धोका 'उत्तम' म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. यावर तुम्ही म्हणाल, आजारीच असतील म्हणून तसं म्हणाले असतील, त्यात काय मोठंसं. पण कागदावरचे आजार जमेस धरूनही फरक उरत होता. डॉक्टरच्या वहीत नव्हतं असं काहीतरी त्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं.

त्याच्याही आधी अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात वृद्धांची वर्षानुवर्षं तपासणी चालली होती. डॉक्टर त्यांच्या तब्येतीला शेरा देत, आणि ते स्वतःही देत. 1973 साली त्यातून असं दिसलं की डॉक्टरच्या आजच्या शेऱ्यावरून माणसाचा उद्याचा शेरा जितका सांगता येतो, त्याहून माणसाच्या आजच्या शेऱ्यावरून डॉक्टरचा उद्याचा शेरा चांगला सांगता येतो. म्हणजे डॉक्टर येतो, पण मागून. पुढे 1997 साली आयड्लर आणि बेन्यामिनी यांनी असे सत्तावीस अभ्यास एकत्र मांडले. बहुतेक ठिकाणी तेच: साध्या प्रश्नाचं साधं उत्तर, आणि त्याचं मरणाशी असलेलं नातं इतर सगळं वजा केलं तरी पुसलं जात नाही.

असं का होतं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. फिनलंडच्या मार्या युल्हा यांनी तर या एका प्रश्नामागे आयुष्याची बरीच वर्षं घातली. साधारण मत असं की माणूस उत्तर देताना नकळत सगळा जमाखर्च मांडतो. जिना चढताना लागलेली धाप, रात्री तीनला उघडणारे डोळे, वडील कितव्या वर्षी गेले, गेल्या साली शेतावर जाववत होतं आणि यंदा बांधावरूनच परत फिरावं लागलं, असं सगळं. रक्ताच्या तपासणीत आजचा आकडा येतो. माणसाच्या उत्तरात उतरण दिसते. शिवाय ज्याने स्वतःला वाईट ठरवलं त्याचं चालणं थांबतं, जेवणावरची वासना उडते, औषधाच्या वेळा चुकतात, आणि आपलं भाकीत तो स्वतःच खरं करून दाखवतो.

आमच्या थोरल्या काकांचे सगळे रिपोर्ट स्वच्छ होते. कार्डिओग्राम पाहून डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली होती. दिवाळीत फराळाला बसले असताना काका म्हणाले, "यंदाचं काही खरं नाही रे." माघात गेले. घराण्यात ही गोष्ट आता पुराणासारखी सांगतात, काकांना चाहूल लागली होती म्हणून. सांगताना एवढंच गाळतात की काका दर दिवाळीला हेच म्हणत. तेव्हा एका काकांवरून शास्त्र होत नाही. त्यासाठी हजारो काका लागतात.

ते मिळाले, आणि कॅनडात नव्हे, पुणे जिल्ह्यात. कोरेगाव भीमाजवळचं वढू बुद्रुक आपल्याला संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. त्या परिसरातल्या बावीस गावांत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र घरटी जन्ममृत्यूची नोंद ठेवतं. तिथे पन्नाशीच्या पुढच्या पाच हजारांच्या आसपास माणसांना हाच प्रश्न विचारला गेला, आणि पुढची काही वर्षं कोण राहिलं, कोण गेलं हे पाहिलं गेलं. 2012 साली ते प्रसिद्ध झालं. 'वाईट' किंवा 'फार वाईट' म्हणणारे इथेही जास्त गेले.

मला यात मोठं नवल वाटतं ते 'वाईट' म्हणणाऱ्यांचं. दृष्ट, वास्तुपुरुष, सुनेचा चेहरा, लोक काय म्हणतील, एवढी सगळी कुंपणं ओलांडून शिरूर-हवेलीकडचा एखादा म्हातारा 'वाईट हाय' म्हणतो, तेव्हा ते उगाच म्हणत नसतो. जिथे 'बरं चाललंय' फुकट मिळतं तिथे 'वाईट' म्हणायला किंमत पडते, म्हणून त्यावर विश्वास ठेवावा. रोज कण्हणाऱ्याचं कण्हणं घरात कोणी ऐकत नाही. कधी न बोलणारी आजी एक दिवस "आज नको वाटतंय गं" म्हणाली की मात्र सगळ्या घराचे हातपाय गळतात. संख्याशास्त्र न शिकलेल्या सुनांनाही हे ठाऊक असतं.

म्हणून या प्रश्नाला देव्हाऱ्यात बसवावं का? थांबा जरा. ऑस्ट्रेलियात 1995 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत काही लोकांना हा प्रश्न दोनदा विचारला गेला. एकदा आधी, मग बाकीचे आरोग्याचे प्रश्न, आणि नंतर पुन्हा तोच. दिवस तोच, माणूस तोच, मूत्रपिंडंही तीच. तरी शंभरातल्या अठ्ठावीस जणांनी उत्तर बदललं. मधल्या वेळात त्यांना काही झालं नव्हतं, फक्त आठवलं होतं. आधी विचाराल तर माणूस सवयीने उत्तर देतो. आधी आजारांची यादी वाचून दाखवून मग विचाराल, तर त्याला एकेक दुखणं आठवून त्याचा आवाज खाली येतो. किंवा यादीतल्या निम्म्या गोष्टी आपल्याला नाहीत हे कळून तो एकदम खुशीत येतो. दोन्ही प्रकारची माणसं आमच्या घरात आहेत.

आणि खरी गंमत पुढे आहे. एका गावातल्या माणसांची उत्तरं एकमेकांशी ताडली तर ठीक. एका देशाची दुसऱ्याशी ताडायला गेलं की सगळा घोळ. अमेरिका-कॅनडात दहांतले जवळजवळ नऊ प्रौढ आपली तब्येत चांगली सांगतात. जपानात जेमतेम एक तृतीयांश. आणि आयुष्य कोणाचं जास्त? जपान्यांचं. म्हणजे जास्त जगायचं असेल तर कुरकुर करावी की काय? तसं नाही. एक तर अमेरिकन प्रश्नात पाचांपैकी तीन पायऱ्या 'चांगल्या'च्या आहेत, उत्तम, फार चांगली आणि चांगली, युरोपात दोनच. तीन दारं उघडी ठेवल्यावर गर्दी जास्त होणारच. पण पायऱ्या सारख्या केल्या तरी फरक राहतोच. युरोपात एका जर्मन संशोधकाने लोकांचे प्रत्यक्ष आजार आणि त्यांची उत्तरं शेजारी ठेवून पाहिली, तर डॅनिश आणि स्वीडिश लोक आपल्या आजारांच्या मानाने स्वतःला वरचा शेरा देतात आणि जर्मन लोक खालचा, असं निघालं. पूर्वी आपल्याकडे पायलीचं माप मुलखामुलखाला वेगळं असायचं. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीत ओतली की कमी भरे किंवा सांडे. इथे धान्याच्या जागी तब्येत आहे एवढंच. आणि युरोपापर्यंत जायला कशाला हवं? पुण्यातल्या माणसाने एखाद्या मैफलीबद्दल "ठीक झाली" म्हटलं तर गवयाने घरी जाऊन पेढे वाटावेत. तेच कोल्हापुरात कोणी म्हटलं तर गवयाने पुन्हा रियाजाला बसावं.

हसता हसता ही गोष्ट एकदम गंभीर होते ती अमर्त्य सेन यांच्या लिखाणाशी. 2002 साली त्यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की भारतात केरळचे लोक सर्वांत जास्त जगतात, आणि आजारपणाची तक्रारही सर्वांत जास्त तेच करतात. बिहारात आयुष्य कमी आणि तक्रारही कमी. अमेरिकेत तक्रार केरळहूनही जास्त. पुढेही हे चित्र पालटलं नाही. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पंधरा दिवसांत आजारी होतो म्हणणारे देशभरात शंभरातले साडेसात निघाले. केरळात जवळजवळ पंचवीस. त्यातला काही भाग केरळात म्हातारी माणसं जास्त म्हणून असेल. पण सगळा नाही. ज्याला शिक्षण आहे, ज्याच्या हाकेच्या अंतरावर दवाखाना आहे, त्याला आपलं काय दुखतंय हे कळतं, त्याला नाव देता येतं, आणि हे दुखायला नको होतं हेही ठाऊक असतं. ज्याने गावात सगळ्यांचीच कंबर दुखताना पाहिली, त्याला कंबरदुखी हा आजार वाटणार कशाला? ते वयच तसं.

आमच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणारी मंडळी पाहिली की मला केरळ आठवतो. तिथे कोणी कोणाला तब्येत विचारत नाही, साखरेचा आकडा विचारतात. "तुझी एचबीएवनसी किती?" "सहा पॉइंट आठ." "माझी सात पॉइंट एक, पण मी गोळी अर्धीच घेतो." हे ऐकून तिसरा, ज्याची सहाच आहे, तो उगाच बुटाची नाडी बांधायला वाकतो, म्हणजे आपल्याला कोणीतरी विचारावं. या लोकांना 'एकंदरीत तब्येत कशी' विचारलं तर ते "थांबा, फाइल आणतो" म्हणतील. माढ्याच्या आजी आणि हे लोक एकाच राज्याच्या एकाच रकान्यात मोजले जातात. आजींचा शेरा वरचा, यांचा खालचा. आता यावरून कोणी ठरवलं की दवाखाना टेकडीपाशी हवा, पडवीपाशी नको, तर?

सेन यांनी आणखी एक जुनी पाहणी उजेडात आणली, आणि ती वाचल्यावर मला काही वेळ हसू सुचलं नव्हतं. बंगालच्या दुष्काळानंतर, 1944 साली, कलकत्त्याच्या अखिल भारतीय स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्य संस्थेने जवळच्या सिंगूर भागात पाहणी केली होती. विधुर पुरुषांपैकी 48.5 टक्के लोकांनी आपण आजारी आहोत किंवा आपली तब्येत यथातथाच आहे असं सांगितलं. विधवा बायकांपैकी 2.5 टक्क्यांनी. त्यातला 'यथातथा'चा रकाना वेगळा काढला तर विधुर 45.6 टक्के, आणि विधवा शून्य. एकही नाही. दुष्काळातून बाहेर आलेल्या, नवरा गमावलेल्या, त्या काळच्या बंगालमधल्या त्या बायका. त्यांच्यातल्या कोणालाच जरासंही बरं वाटेनासं झालं नव्हतं, यावर कोण विश्वास ठेवेल? आजारी पडलेली दिसते, अंथरूण धरलेलं दिसतं, ते नाकारता येत नाही. पण 'मला तसं बरं वाटत नाही' एवढं म्हणायलासुद्धा आपलं बरं वाटणं ही काही मोजण्यासारखी गोष्ट आहे असं आधी वाटावं लागतं.

हे सिंगूरचं, आणि ऐंशी वर्षांपूर्वीचं. पण घरात पुरुषाला सर्दी झाली की काय होतं ते आठवून पाहा. काढा उकळतो, वाफारा तयार होतो, टीव्हीचा आवाज कमी होतो, लेकरं दबकून चालतात, आणि सर्दीवाला पांघरुणातून क्षीण आवाजात म्हणतो, "राहू दे, मला काही नको." बाईला ताप आला तर ती क्रोसिन घेऊन कणीक मळते. 'अंगावर काढणं' हा प्रकार आपल्याकडे बायकांच्या नावावरच जमा आहे. मात्र यावरून बायका सगळीकडे कमीच सांगतात असा सिद्धान्त कोणी काढू नये. जगभर बहुतेक पाहण्यांत बायका पुरुषांपेक्षा आपली तब्येत जरा खालचीच सांगतात, आणि तरी पुरुषांपेक्षा जास्त जगतात. म्हणजे जिथे बोलायची मुभा आहे तिथे त्या बोलतात. सिंगूरला ती नव्हती.

या मापांच्या घोळावर उपाय काढायचा प्रयत्नही झाला आहे. 2002-03 च्या जागतिक आरोग्य पाहणीत लोकांना स्वतःबद्दल विचारलंच, शिवाय काल्पनिक माणसांच्या छोट्या छोट्या हकिगती वाचून दाखवल्या आणि 'या माणसाला चालण्याफिरण्याचा त्रास किती आहे असं तुम्ही म्हणाल?' असं विचारलं. हकिगत सगळ्यांना एकच, तेव्हा उत्तरांतला फरक हा मापातला फरक. तेवढा वजा केला की खरी तब्येत उरेल. कल्पना नामी आहे. पुढे वढूच्या परिसरातही असल्या हकिगती वापरल्या गेल्या. फक्त ज्यांनी ही युक्ती काढली त्यांनी आपली खेडी पाहिली नसावीत. भाचीच्याही एका पाहणीत तसली हकिगत होती. तिने वाचायला घेतली, "समजा, एक कमलबाई आहेत. त्यांना थोडं अंतर चाललं तरी गुडघ्यात दुखतं..." एवढ्यात समोरच्या बाई म्हणाल्या, "कुठली गं कमल? वाणीणबाई?" "नाही हो मावशी, समजायची. अशी कोणी नाही." "नाही कशी? तिचे गुडघे दुखतात की! तिला सांग, निरगुडीचा पाला बांध म्हणावं." मग शेजारणीला हाक गेली, तिने आणखी एका कमलबाईंचं नाव काढलं, आणि त्या दुपारी मापातला फरक काही वजा झाला नाही. हकिगत सगळ्यांना सारखीच समजते आणि स्वतःला लावलेलं मापच माणूस दुसऱ्यालाही लावतो, अशा दोन गृहीतकांवर हा उपाय उभा आहे, आणि ती दोन्ही नेहमी टिकत नाहीत, असं पुढच्या अभ्यासांतही दिसलं आहे. दुसऱ्याच्या गुडघ्याबद्दल उदार असणारी माणसं स्वतःच्या गुडघ्याबद्दल किती कडक असतात, हे त्या मावशींनाही विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

म्हणून हल्ली शहाण्या पाहण्या दोन्ही करतात. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या पुढाकाराने 2017-18 मध्ये पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसांची आणि त्यांच्या जोडीदारांची देशव्यापी पाहणी झाली, बहात्तर हजारांहून अधिक लोकांची. त्यात तब्येत कशी हेही विचारलं, आणि रक्तदाब, नजर, हाताच्या पकडीची ताकद हेही प्रत्यक्ष मोजलं. पकड मोजायला एक मूठ असलेलं यंत्र असतं, ते आवळायचं. भाचीने तसलं एक यंत्र दुसऱ्या कामात वापरलं होतं. ती सांगते की तब्येत 'मध्यम' सांगितलेले, काठी टेकत आलेले म्हातारे ती मूठ हातात आली की एकदम तालमीत उतरतात. गाल फुगतात, मिशी थरथरते, आणि काटा बघून पहिला प्रश्न, "मागच्या घरच्या तात्याचा किती आला?" आता तब्येत कुठली खरी, तोंडाने सांगितलेली की मुठीतली? माझं मत विचाराल तर दोन्ही. दोघांत तफावत पडते तिथेच डॉक्टरने आधी जावं. पडवीत बसून बरंय म्हणणारी, पण यंत्राची मूठ आवळता न येणारी बाई सर्वांत आधी.

आता मतच सांगायचं तर, हा प्रश्न वाईट नाही. एकाच गावात, एकाच माणसाला, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा विचारला, तर तो डॉक्टरच्या आधी इशारा देतो. केरळची बिहारशी, बाईची पुरुषाशी, सुखवस्तूची भुकेल्याशी तुलना करायला मात्र तो एकटा वापरू नये. तसं केलं तर ज्यांनी कधी काही मागितलंच नाही त्यांना काही लागत नाही असं सरकारदरबारी पक्कं नोंदलं जाईल.

आणि वाचकांना एक विनंती. पाहणीला आलेली मुलगी दारात उभी राहिली तर तिला हाकलू नका. घरातल्या माणसांची संख्या, गॅस कोणता, संडास कुठे, हे सगळं कोणीही सांगितलं तरी चालतं. पण हा एक प्रश्न आला की ज्याचं उत्तर त्यालाच देऊ द्या. आजीचं उत्तर मुलाने देऊ नये, सुनेने देऊ नये, आणि मध्येच येऊन बसलेल्या शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी तर मुळीच देऊ नये. नवऱ्याने "तिला काही होत नाही, ती ठणठणीत आहे" असं म्हणायच्या आत त्याला चहा करायला आत पाठवा. आजीला दोन मिनिटं लागतील, ती आधी दुसरंच काहीतरी बोलेल, तेवढं थांबा. त्या मुलीलाही घाई असते, संध्याकाळच्या आत आणखी घरं उरकायची असतात, पण ती थांबते. तिला पाणी मात्र विचारा.